चाळीस जणांचं रक्त घेतलं, आता ते कुठे आहे?

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत)

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचा खून झाला. गळ्यातली बोरमाळ आणि हातातल्या पाटल्या गेल्या. तिच्या नखांत कातडीचा अंश सापडला, असं पोलिसांनी सांगितलं. आठवडाभराने गावातल्या आणि शेजारच्या वस्तीवरच्या चाळीसेक तरुणांना ग्रामीण रुग्णालयात बोलावून रक्ताचे नमुने घेतले. त्यात माझा २३ वर्षांचा मुलगाही होता. छापील कागदावर सही घेतली, प्रत दिली नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातला एक जण पकडला. आरोपपत्र दाखल झालं, खटला चालू आहे. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. असे नमुने ७५ वर्षं ठेवतात, असं त्याने कुठेतरी वाचलं. तेव्हापासून ‘माझा नमुना नष्ट करा’ असा अर्ज द्यायचा म्हणून बसलाय. मी म्हणतो, कर नाही त्याला डर कशाला? उलट अर्ज केला तर साहेब म्हणतील, चाळीस जणांत याच्याच पोटात का दुखतंय? भरतीत आडवं येईल ते वेगळंच. यावरून घरात अबोला आहे. ताई, अर्ज करू द्यावा की गप्प बसावं?

उत्तर

दादा,

‘सही घेतली, प्रत दिली नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच अडकले. पत्रातली खरी मेख तीच आहे.

तुम्ही शेती करता, असं पत्रात आहे. सोसायटीचं कर्ज फेडल्यावर तुम्ही काय करता? दाखला घेता, तलाठ्याकडे देता, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतून बोजा उतरल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत फेऱ्या मारता. त्या वेळी तलाठी कधी म्हणाला का, ‘एवढी घाई कसली, काही लपवायचंय का?’ मुलगा मागतोय ते याच पठडीतलं आहे. एका कामासाठी त्याने रक्त दिलं, त्याच्यापुरतं ते काम झालं, आता नोंदीचं काय, एवढंच तो विचारतोय.

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण मीही लहानपणापासून ऐकत आले. कोर्टात पंचवीस वर्षं काढल्यावर तिच्यावरचा माझा विश्वास बराच पातळ झाला. ही म्हण बऱ्याच गोष्टी गृहीत धरते. तपासणाऱ्याचा हात चुकत नाही, नमुन्याची पुडी बदलत नाही, आणि आज ज्या कामासाठी घेतलं त्याच कामासाठी ते उद्याही वापरलं जाईल. जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे एका बाईचा डीएनए मिळाला आणि तो जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक ठिकाणच्या नमुन्यांशी जुळला. कुठे खून, कुठे किरकोळ चोरी. तीन देशांचे पोलीस त्या अदृश्य बाईच्या मागे लागले. २००९ मध्ये उलगडा झाला तो असा: नमुने टिपायच्या कापसाच्या काड्यांवरच, त्या काड्या भरणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा अंश लागलेला होता. त्या बाईने काहीही ‘केलं’ नव्हतं.

पण मला तुमची भीती दुसऱ्या टोकालाही न्यायची नाही. डीएनए चाचणी हे काही पोलिसांचं हत्यारच आहे असं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये हे तंत्र सापडलं. त्याच भागात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या पोराने एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीने दाखवलं की हा तो नव्हेच. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात हे तंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं, तेव्हा त्याने आधी एका निरपराधाला सोडवलं. मग पोलिसांनी १९८७ मध्ये आसपासच्या गावांतल्या सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेतले. तुमच्या गावात झालं त्याची ही पहिली आवृत्ती. गंमत अशी की एवढं करूनही खुनी त्या चाळणीत सापडला नाही. कॉलिन पिचफोर्क हे त्याचं नाव. त्याने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, कुणीतरी ऐकलं, आणि मग पिचफोर्क सापडला. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

आता मुलाच्या नमुन्याकडे येते. नमुना आणि प्रोफाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि घरातल्या वादात त्यांची गल्लत होत असणार. प्रोफाइल म्हणजे आकड्यांची यादी. डीएनएच्या ठरावीक जागांवर छोटे तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा येतात, त्याची मोजणी. त्यातून मधुमेह होईल का, पोराचा स्वभाव कसा, असलं काही सहसा कळत नाही. रक्ताचा वाळलेला डाग मात्र वेगळा. त्यात सगळं आहे. आज वाचता येत नाही ते वीस वर्षांनी वाचता येईल. म्हणून मी तुमच्या जागी असते तर यादीपेक्षा त्या डागाची चौकशी आधी केली असती.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला बहुतेक कुणी सांगितलेली नाही. बाईच्या नखांतून पुरुषाचा अंश शोधायचा असेल तर प्रयोगशाळा बरेचदा वाय गुणसूत्राची चाचणी करते, कारण बाईच्या पेशींत वाय नसतोच, त्यामुळे गोंधळ टळतो. हे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. म्हणजे मुलाची वाय प्रोफाइल बहुधा तुमचीच प्रोफाइल आहे. तुमच्या थोरल्या भावाची, त्याच्या मुलांची, चुलत्यांची, एका मूळपुरुषापासून चालत आलेल्या सगळ्या भावकीची. सही एका पोराने केली, कागदावर नाव एकाचं आहे, पण त्या फाईलमध्ये तुमची अख्खी भावकी बसली आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात ती जुळली, तर पोलीस ‘अमक्या घरातला कुणीतरी पुरुष’ इथवर येऊन थांबतात आणि दारं वाजवायला लागतात. तेव्हा हा मुलाचा हट्ट आहे असं समजू नका. यात तुम्हीही आहात.

त्या ७५ वर्षांचं आता. मुलाने वाचलं ते खोटं नाही, पण ते त्याला जसंच्या तसं लागू होतं का, हे बघावं लागेल. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. त्याने कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा जुना कायदा मोडीत काढला. जुन्यात बोटांचे ठसे, पावलांचे ठसे, फोटो एवढंच होतं. नव्यात डोळ्यांचं स्कॅन, सही, हस्ताक्षर आणि ‘जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण’ आलं. व्याख्येत डीएनए हा शब्द वेगळा नाही, पण दार उघडं आहे. ही ‘मोजमापं’ राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग घेतल्या तारखेपासून ७५ वर्षं ठेवू शकतो. कुणाची? शिक्षा झालेल्यांची, अटक झालेल्यांची, चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला लावलेल्यांची, स्थानबद्धांची. शिवाय तपासासाठी गरज वाटली तर दंडाधिकारी कुणालाही मोजमाप द्यायचा आदेश देऊ शकतात, आणि तो आदेश मोडणं हा गुन्हा आहे. अटक झालेल्याला एक सवलत आहे: गुन्हा बाई किंवा मुलाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा सात वर्षांहून कमी असेल, तर तो जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो.

तुमच्या मुलाला अटक झाली नव्हती. दंडाधिकाऱ्यांचा आदेश होता असंही पत्रात नाही. म्हणजे त्याने संमतीने दिलं, किंवा ‘संमती’ म्हणून जे घेतलं गेलं त्याने दिलं. आणि नेमकी इथेच कायद्यात फट आहे. नोंद नष्ट करण्याची तरतूद या कायद्यात आहे, पण ती कुणासाठी? ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा सगळे अपील संपून निर्दोष ठरला, त्याच्यासाठी. तुमचा मुलगा यातला कुणीच नाही. तो कधी आरोपी नव्हताच, मग सुटणार कशातून? निर्दोष ठरलेल्या आरोपीची नोंद पुसायची वाट कायद्याने आखून दिली, आणि ज्याच्यावर बोटही ठेवलं नाही त्याची नाही. मला हे वाचून दर वेळी चीड येते.

ही फट बुजवणारा मसुदा तयार होता. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचं नियमन करणारं विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, मग लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. त्याच वर्षी जुलैत पुन्हा मांडलं, संसदीय स्थायी समितीकडे गेलं, समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि २४ जुलै २०२३ ला सरकारने विधेयक मागे घेतलं. बऱ्याचशा गोष्टी २०२२ च्या कायद्यात आल्याच आहेत, हे कारण. त्या विधेयकात दोष होतेच, समितीतल्या दोन सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं होतं. पण त्यात डीएनए डेटा बँकेसाठी वेगळं नियामक मंडळ होतं, आणि जो गुन्हेगार, संशयित किंवा कच्चा कैदी नाही, त्याची घटनास्थळाच्या किंवा हरवलेल्यांच्या यादीत गेलेली प्रोफाइल लेखी विनंतीवर काढून टाकायची सोय होती. अर्ज लिहायला कायद्याचं एक पान हाताशी राहिलं असतं. आता ते नाही.

इंग्लंडमध्येही हाच तंटा झाला. त्यांनी १९९५ मध्ये राष्ट्रीय डीएनए डेटाबेस उभारला आणि सुटलेल्यांच्या नोंदीही तशाच ठेवल्या. पकडला गेला तेव्हा अकरा वर्षांचा असलेला एक मुलगा आणि एक प्रौढ माणूस, दोघांनाही शिक्षा झाली नव्हती, ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ४ डिसेंबर २००८ ला सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की निरपराधांच्या नोंदी अशा सरसकट ठेवणं खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. मग २०१२ मध्ये कायदा बदलला आणि १७ लाखांहून जास्त प्रोफाइल पुसल्या गेल्या. त्या दोघांनाही कुणीतरी म्हटलंच असेल, काही केलं नाहीस तर एवढा आटापिटा कशाला.

आपल्याकडेही २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. पण त्या निकालाच्या बळावर तुम्ही उद्याच उच्च न्यायालयात जा, असं मी म्हणणार नाही. खर्च तुमचा, वर्षं तुमची.

अर्ज करा. पण मुलगा म्हणतो तसा नको. ‘माझा नमुना नष्ट करा’ ही मागणी आज पुरी होणं कठीण आहे, आणि त्यात पोलिसांचं थोडं बरोबरही आहे. खटला चालू आहे. उद्या आरोपीचा वकील उलटतपासणीत विचारेल, चाळीस जणांना तपासलं म्हणता, त्यांचे अहवाल कुठे आहेत? ते अहवाल खटल्याच्या कागदपत्रांचा भाग आहेत आणि अपिलापर्यंत राहू शकतात. त्याला हरकत घेऊ नका. हरकत असायला हवी ती दुसऱ्या गोष्टीला: या खटल्यासाठी दिलेली प्रोफाइल इतर गुन्ह्यांशी ताडून बघायला. म्हणून अर्जात साध्या भाषेत विचारावं. नमुना कोणत्या तारखेला, कोणी आणि कोणत्या कलमाखाली घेतला? संमतिपत्राची प्रत मिळावी. उरलेला नमुना आज पोलीस ठाण्यात आहे की न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत? प्रोफाइल या गुन्ह्याखेरीज कुठे पाठवली का, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे गेली का? इतर गुन्ह्यांसाठी तिचा वापर करण्यास माझी संमती नाही. आणि खटला, अपील संपल्यावर नमुना व प्रोफाइल नष्ट करून तसं लेखी कळवावं. एका पानात बसेल. रागाचं एकही वाक्य नको, ‘अन्यथा’ने सुरू होणारं तर नकोच.

अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावे, प्रत पोलीस अधीक्षकांना. ठाण्यात बारनिशीला द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. २०२२ च्या कायद्याच्या नियमांत राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे नोंद नष्ट करण्याची विनंती करता येते. तो दुसऱ्या गुन्ह्याशी नोंद जोडलेली नाही ना, हे बघून पुढे शिफारस करतो. नमुना याच कायद्याखाली घेतल्याचं उत्तर आलं, तर पुढचा अर्ज त्याच्याकडे. माहिती अधिकारात याच गुन्ह्याचे कागद मागितलेत तर खटल्यात अडथळा येईल असं म्हणून नाकारू शकतात. त्यापेक्षा असे नमुने किती काळ ठेवायचं धोरण आहे आणि नोडल अधिकारी कोण, एवढंच विचारा. ते नाकारायला कारण सापडत नाही.

पोलीस म्हणतील, ‘याच्याच पोटात का दुखतंय?’ ही तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. गावात राहायचंय तुम्हाला. यावर उपाय वकिलाकडे नाही, पारावर आहे. बाकीच्या एकोणचाळीस जणांशी बोला. सगळे येणार नाहीत. दहा आले तरी एकाच मजकुराचे दहा अर्ज एकाच दिवशी जातील, आणि मग बोट ठेवायला एक पोर उरणार नाही. शेजारच्या वस्तीवरच्या पोरांना आधी विचारा. चाळीस नावांची यादी कुणी, कशी केली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण गावातली किती आणि वस्तीवरची किती, हे एकदा मोजून बघा. १८७१ मध्ये इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये गेला. त्या जमातींची ठाण्यात हजेरी घ्यायची सवय एवढ्यात गेलेली नाही. मोफत वकील लागला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि कुठल्याही बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

भरतीचं सांगते. चारित्र्य पडताळणीत विचारतात ते अटक, दाखल गुन्हा, खटला, शिक्षा यांबद्दल. संशयितांतून वगळण्यासाठी रक्त देणं यातलं काहीच नाही. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न नीट वाचून विचारलं त्याचं खरं उत्तर द्यावं. माहिती दडवल्याने नोकऱ्या गेल्याची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. रीतसर अर्ज केल्याने उमेदवार बाद झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आणखी दोन-तीन पत्रं याच विषयावर आली आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. पोलीस रक्त मागायला आले तर आवाज न चढवता एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, ही विनंती आहे की दंडाधिकाऱ्यांचा आदेश?’ आदेश असेल तर प्रत घ्या आणि नमुना द्या. रक्तासारखा शारीरिक पुरावा घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे १९६१ च्या मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड निकालाच्या धाग्यानेच न्यायालयं ठरवत आली आहेत, त्यामुळे त्या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही. विनंती असेल तर द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी स्वतः खुनाच्या तपासात दिलं असतं. पण ‘फक्त या गुन्ह्याच्या तपासासाठी’ हे शब्द सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिल्यावर, आणि कागदाचा फोटो काढल्यावर. नमुना डॉक्टरच घेतोय आणि पुडी तुमच्यासमोर सीलबंद होतेय, हेही बघा. १५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या एका माणसाला निर्दोष सोडताना डीएनए नमुने हाताळायचे नियम घालून दिले: पुडीवर गुन्ह्याचा तपशील आणि सह्या, ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचं, कोर्टाच्या परवानगीशिवाय सील उघडायचं नाही, आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही. ते नियम पुराव्याच्या शुद्धतेसाठी आहेत, नष्ट करण्याबद्दल नाहीत. पण नमुना नेमका कुठे आहे, हे विचारायला त्या नोंदवहीचा आधार मिळतो.

दादा, आज रात्री जेवताना मुलाला एवढंच सांगा की अर्ज लिही, मी बरोबर येतो. सही मात्र त्याचीच हवी, तुमची नको. तो सज्ञान आहे आणि संमतीही त्याच्याच नावाने घेतली आहे. तुम्ही पोच घ्यायला खिडकीपाशी उभे राहा. अर्जात गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक लागेल, तो पत्रात दिसला नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि तारीख टाकून बघा, तिथे नाही मिळाला तर आरोपपत्र दाखल झालंय त्या कोर्टातल्या कारकुनाला विचारा.